तुमच्या गाडीत पट्टा आहे की साखळी?

गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, हे आता आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. नळीवर तारीखच छापलेली असते. वरून ती कितीही धडधाकट दिसो, तारीख उलटली की आपण नवी आणतो. 'फुटेल तेव्हा बघू' असं कुठलीही शहाणी गृहिणी म्हणणार नाही. असाच एक रबरी भाग आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटात असू शकतो. त्याचीही मुदत ठरलेली असते, आणि ती उलटून तो तुटला तर एका क्षणात घरखर्चाचं सारं गणित कोलमडतं. फरक एवढाच की त्याची तारीख आपल्या नजरेस पडत नाही, आणि बहुतेक घरांत ती कुणालाच ठाऊक नसते.

"गाडीचं सगळं हे बघतात," असं आपण म्हणतो खरं. पण हे काय बघतात? पेट्रोल, चाकातली हवा आणि रविवारी फडकं. गॅरेजचं बिल आलं की मात्र कपाट आपल्याला उघडावं लागतं! तेव्हा मैत्रिणींनो, गाडी तुम्ही चालवत असा वा नसा, हे एवढं समजून घ्याच. अवघड मुळीच नाही. ज्या बाईनं कधी शिवणाचं मशीन चालवलंय, तिला तर हे मेकॅनिकपेक्षाही लवकर कळेल.

मशीनचंच उदाहरण घेऊ. वरून सुई येते, खाली शटल फिरतं. सुई कापडातून खाली उतरून किंचित वर उचलली गेली की दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक त्या फासातून जातं, आणि टाका पडतो. सुई आणि शटल यांची ही वेळ जरा चुकली की टाके सुटायला लागतात. फारच चुकली तर सुई शटलवर आपटते आणि कट्‌कन तुटते. दुरुस्तीवाला येतो आणि म्हणतो, "काकू, मशीनचं टायमिंग गेलंय."

मोटारीच्या इंजिनातही हाच खेळ चालतो. खालून पिस्टन वर येतो, वरून झडपा उघडतात; मेकॅनिक त्यांना वॉल्व्ह म्हणतात. काही झडपा हवा आणि इंधन आत घेतात, काही जळका धूर बाहेर सोडतात. पिस्टनना जोडलेला खालचा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि झडपा उघडणारा वरचा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. खालचा दांडा दोन वेळा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. पावणेदोनदा नाही, सव्वादोनदा नाही. गाडी हमरस्त्यावर असताना इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. पिस्टन वर यायच्या आत तिनं बाजूला झालंच पाहिजे.

खालचा दांडा आणि वरचा दांडा यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी जी वस्तू, तीच आपल्या लेखाचा विषय. काही गाड्यांत तो रबराचा दातेरी पट्टा असतो, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. काहींत ती पोलादी साखळी असते, तिला टायमिंग चेन म्हणतात.

इथं एक गोंधळ आधीच दूर करते. बॉनेट उघडल्यावर बाहेरून जो पट्टा फिरताना दिसतो, तो हा नव्हे. तो फॅनबेल्ट, बॅटरी चार्ज करणारा डायनामो, एसी वगैरे फिरवणारा. पायाच्या मशीनला चामड्याची वादी असते ना, तसा. वादी सैल झाली, घसरली, तुटली तर मशीन थांबतं, पण सुई काही शटलवर आपटत नाही. कारण सुई-शटलचा मेळ आतल्या दांड्यांनी आणि चक्रांनी धरलेला असतो. फॅनबेल्ट तुटला तर गाडी अडून बसेल, इंजिनही तापेल, पण वेळीच थांबलात तर इंजिन शाबूत राहतं. टायमिंग बेल्ट मात्र आतला मेळच धरून असतो. म्हणून तर त्याला दात असतात. तो घसरून चालतच नाही.

आणि गंमत ऐका. असा दातेरी पट्टा मुळात मोटारीसाठी जन्मलाच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एका रबर कंपनीच्या अभियंत्यानं तो बनवला तो शिवणाच्या मशीनसाठी, सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखायला! मोटारीत तो पुष्कळ उशिरा आला. कारखान्यात मोठ्या संख्येनं बनणाऱ्या गाड्यांत पहिली म्हणतात ती १९६२ ची जर्मनीतली ग्लास १००४. मग १९६६ साली इटलीत फियाटनं आपल्या १२४ स्पोर्ट गाडीच्या इंजिनात तो वापरला. ते इंजिन ऑरेलिओ लांप्रेदी यांच्या हातचं, आणि तिथून पट्ट्याचं बस्तान बसलं. शिवणाच्या मशीनची ही देणगी मोटारवाल्या पुरुषमंडळींना मुद्दाम ऐकवण्यासारखी आहे.

पट्टा आवडण्याचं कारण साधं होतं. साखळीपेक्षा तो हलका, स्वस्त आणि निमूट. त्याला तेलपाणी लागत नाही. साखळी खळखळते, तिला इंजिनच्या ऑइलमध्ये भिजत ठेवावं लागतं. वरचा दांडा इंजिनच्या अगदी माथ्यावर गेल्यावर साखळी लांबच लांब झाली असती, म्हणून पट्टा सोयीचा.

आपल्याकडे जुन्या लोकांना साखळीचीच सवय. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोघींच्या इंजिनात कॅमशाफ्ट खालीच, क्रँकशाफ्टच्या शेजारी असे आणि मध्ये आखूडशी साखळी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसून ज्यांनी संसार केला त्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. मध्यमवर्गीय घरात पट्टा आणला तो मारुती ८०० नं. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली, आणि टायमिंग बेल्ट हा शब्द गल्लीतल्या गॅरेजात पोचला. पुढं १९९८ मध्ये आलेली सँट्रो पट्ट्याची, त्याच वर्षीची डिझेल इंडिकाही पट्ट्याची.

मग वारं फिरलं. २०१० च्या सुमारास मारुतीनं स्विफ्ट आणि वॅगनआरमध्ये नवी इंजिनं घातली, ती साखळीची. स्विफ्टचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन तर मूळ फियाटचं, तेही साखळीचं. याच घराण्यातली इंजिनं आपल्या पुण्याजवळ, महागणपतीच्या रांजणगावातही बनत. म्हणजे पाहा, २००५ ची पेट्रोल स्विफ्ट पट्ट्याची आणि २०११ ची साखळीची. नाव तेच, रूपडं जवळजवळ तेच. जुनी डिझेल इनोव्हा पट्ट्याची, २०१६ ची डिझेल क्रिस्टा साखळीची. डिझेल डस्टर पट्ट्याची. आणि अलीकडच्या फोक्सवागन-स्कोडाच्या एक लिटर टर्बो पेट्रोल गाड्या पुन्हा पट्ट्याच्या! तेव्हा "आमच्या शेजारच्यांची तीच गाडी आहे आणि त्यांनी कधी काही बदललं नाही," हा पुरावा अगदी फोल समजा.

कमी चाललेल्या गाडीचं दुखणं

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते. तिच्या घरी २०१८ साली ओळखीतून एक जुनी डिझेल गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. गाडी नऊ वर्षांची, पण चाललेली अवघी बेचाळीस हजार किलोमीटर. आधीचे मालक वयस्कर; लग्नकार्य आणि गावची जत्रा, एवढ्यालाच गाडी बाहेर काढायचे. "अगदी घरात ठेवल्यासारखी गाडी आहे," म्हणून मेहुण्यांनी चार पैसे जास्तच मोजले.

२०१९ च्या मे महिन्यात ही मंडळी पुण्याहून साताऱ्याला निघाली. गाडीत सासूबाई, दोन मुलं, आंब्याच्या पेट्या. खंबाटकीच्या चढावर कसलाही आवाज नाही, धूर नाही, दिवा नाही, आणि इंजिन फट्‌कन बंद. स्टीअरिंग एकदम जड झालं. मागून ट्रकची रांग. मेहुण्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. आता चालू होईल, मग होईल म्हणून पाच-सहा वेळा किल्ली फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा भुरकन फिरत होता, पण इंजिन काही धरेना. अखेर गाडी ओढून न्यावी लागली.

गॅरेजमधल्या फोरमननं झाकण काढून तुटका पट्टा हातात दिला आणि म्हणाला, "वहिनी, पट्टा कंपनीचाच आहे हो, पहिला. कधी बदललाच नाही." खालचा दांडा वेगात फिरत राहिला, वरचा जागच्या जागी थांबला, आणि पिस्टन उघड्या झडपांवर जाऊन आदळले. झडपा वाकल्या. इंजिनचं हेड उतरवावं लागलं. पट्टा वेळेवर बदलला असता तर जे बिल आलं असतं, त्याच्या कित्येक पट खर्च झाला. थोरलीच्या कॉलेज-प्रवेशासाठी मोडून ठेवलेली मुदतठेव त्यात गेली.

वास्तविक त्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं. पट्टा अमुक किलोमीटरनंतर किंवा अमुक वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा बदलावा. किलोमीटर पुष्कळ शिल्लक होते, पण वर्षं केव्हाच उलटली होती. रबर वापरानं झिजतं तसं नुसत्या वयानंही वाळतं. कपाटात जपून ठेवलेल्या पेटीकोटाचं इलॅस्टिक एकदाही न नेसता कुरकुरीत होतं, हे आपल्याला माहीत आहे. आणि आपल्या गावाकडच्या गाड्या तर अशाच असतात: वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर, बाकी वेळ उन्हात उभ्या. 'कमी चाललेली' म्हणून कौतुक होतं त्या गाडीतच हा धोका जास्त.

एक खुलासा करायला हवा. पट्टा तुटला की प्रत्येक इंजिनाचं असंच होतं असं नाही. काही इंजिनांत पिस्टन आणि झडपा यांच्यात तेवढं अंतर ठेवलेलं असतं. तिथं गाडी फक्त बंद पडते, नवा पट्टा घातला की चालू. पण डिझेल इंजिनात ती जागा सहसा नसतेच, आणि हल्लीच्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांतही नसते. आपल्या गाडीत आहे की नाही, यावर जुगार खेळण्यात अर्थ नाही.

मुदत किती? गाडीगणिक वेगळी. पुष्कळ पुस्तिकांत साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा असतो, काही नव्या गाड्यांना त्याहून बराच जास्त. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा, जावेच्या गाडीचा नको. जुन्या इनोव्हासारख्या गाडीत मुदत भरली की डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागायचा. ही सोय फारच थोड्या गाड्यांत. बाकीच्यांत दिवा म्हणजे आपली डायरी.

पट्टा बदलताना गॅरेजवाला विचारेल, "ताई, टेन्शनर आणि पुलीपण बदलू का? वॉटर पंप?" आपल्याला वाटतं, लागला हा बिल वाढवायला. पण इथं त्याचं म्हणणं बहुधा रास्त असतं. पट्टा ताणून धरणारी टेन्शनरची चाकं पट्ट्याबरोबरच म्हातारी झालेली असतात, आणि त्यातलं एखादं अडकलं तर नवा पट्टाही तुटतो. पुष्कळ इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो. तो वर्षभरात गळायला लागला तर सगळं पुन्हा उघडा, पुन्हा मजुरी द्या. या कामात मोठा वाटा मजुरीचाच असतो. गादी पिंजायला उसवली की फाटकी खोळ आपण तशीच परत घालतो का? मात्र बदललेले सगळे जुने भाग समोर मागून घ्या. पट्ट्याच्या दातांत चिरा, कडांना सुटलेले धागे किंवा तेलाचे डाग दिसतात का पाहा. तेलाचे डाग असतील तर कुठून तरी ऑइल गळतंय, आणि ते न थांबवता नवा पट्टा घातला तर तोही लवकर खराब होणार.

साखळी म्हणजे निश्चिंती?

इतकं वाचून पुष्कळजणी म्हणतील, "बाई, आमची साखळीची आहे, सुटलो." गाडी विकणाराही हेच सांगतो: "चेनची गाडी आहे, जन्मभर बघायला नको." मला हे वाक्य बिलकूल आवडत नाही. साखळीला ठरलेली तारीख नसते, हे खरं. तिची काळजीच घ्यायची नसते, हे खोटं.

साखळी पोलादी असली तरी तिचा जीव इंजिनच्या ऑइलमध्ये असतो. ती ऑइलमध्येच फिरते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावरच चालतो, आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे आधार असतात. ऑइल काळं, घट्ट, मळकट झालं किंवा पातळी खाली गेली की साखळीच्या प्रत्येक कडीतली खीळ थोडी थोडी झिजते. एका कडीत केसाएवढी झीज. पण शंभरावर कड्या मिळून साखळी लांबते. मुलांच्या सायकलची चेन लोंबायला लागून उतरते, तेच हे. लांबलेली साखळी वरच्या दांड्याची वेळ थोडी मागं पाडते. मग गाडी जोर धरत नाही, इंजिनचा पिवळा दिवा लागतो, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर साखळी एखादा दात सोडून उडी मारते. पुढं जे होतं ते मावसबहिणीच्या गाडीसारखंच.

पण साखळीचा एक मोठा गुण आहे. ती बोलते. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिले काही सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट, आणि मग शांत. असं रोज व्हायला लागलं तर समजा तिनं तक्रार केली आहे. आवाज नंतर थांबतो म्हणून विसरू नका. पट्टा बिचारा असा कधी बोलत नाही. म्हणून पट्टा तारखेवर सांभाळायचा, आणि साखळी कानानं आणि ऑइलनं.

थोरामोठ्यांच्या घरीही साखळ्यांनी दगा दिलेला आहे. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासूनच्या एका दोन लिटर डिझेल इंजिनाच्या साखळ्या झिजून तुटल्याच्या तक्रारी गाजल्या. भरीस भर म्हणजे साखळी इंजिनच्या मागच्या अंगाला बसवलेली, त्यामुळे बदलायची तर इंजिनच बाहेर काढायची वेळ. फोक्सवागनच्या छोट्या टर्बो इंजिनांतही साखळीचा त्रास झाला, आणि पुढच्या पिढीत त्यांनी पुन्हा पट्टा आणला. पट्टा वाईट नि साखळी चांगली, इतकं सोपं असतं तर त्यांनी तसं केलं नसतं.

एक तिसराही प्रकार निघाला, ऑइलमध्ये भिजत फिरणारा रबरी पट्टा. कंपन्यांना वाटलं दोन्हींचे गुण एकत्र येतील. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात तो होता. २०१३ साली आपल्याकडे आलेल्या इकोस्पोर्टच्या एका प्रकारात हेच इंजिन होतं. युरोपात प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनातही तोच प्रकार. झालं असं की चुकीचं किंवा शिळं ऑइल पडलं की पट्टा फुगून त्याचे कण सुटायचे आणि ते ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसायचे. चहाची गाळणी तुंबते तसं. मग इंजिनला ऑइलच मिळेना. ही तक्रार इतकी वाढली की त्या कंपनीला या इंजिनांची हमी दहा वर्षांपर्यंत वाढवावी लागली, आणि त्याच घराण्यातल्या नव्या हायब्रिड इंजिनात तिनं साखळी घातली. अशी गाडी तुमच्याकडे असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचं ऑइल, वेळच्या वेळी, यात पैची काटकसर नको.

आता घरी काय करायचं

गाडीच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेली पुस्तिका असते, ती आधी काढा. शेवटी देखभालीचा तक्ता असतो. त्यात टायमिंग बेल्टची ओळ असेल तर किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील. ओळच नसेल तर गाडी बहुधा साखळीची. तरी सर्व्हिसच्या वेळी गाडीचं मॉडेल आणि साल सांगून पक्कं विचारून घ्या. वाण्याच्या आणि दुधाच्या हिशोबाच्या वहीत एक पान गाडीचं करा. पट्टा कधी बदलला, तेव्हा किलोमीटर किती होते, पुन्हा कधी. साखळीची असेल तर ऑइल कधी बदललं. गाडी फार चालली नसली तरी ऑइल पुस्तिकेत दिलेल्या महिन्यांनी बदलायचंच.

जुनी गाडी घेत असाल तर "पट्टा बदललाय" या तोंडी शब्दावर विसंबू नका. बिल मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत. बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असंच धरा आणि त्याचा खर्च सौद्यातून वळता करून घ्या. साखळीची गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा, "आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका." तुम्ही पोचल्यावर इंजिन गरम लागलं तर परत यायचं ठरवा, दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिला खडखडाट तुमच्या कानांनी ऐकायचा आहे.

आणि रस्त्यात इंजिन असं अचानक मेलंच तर घाबरू नका. स्टीअरिंग जड होईल, पण वळेल. दोन्ही हातांनी ओढा. ब्रेक एक-दोन वेळाच नेहमीसारखा लागतो, नंतर पायाला फार जोर लावावा लागतो. म्हणून तो थोडा थोडा दाबत न बसता एकदाच ठामपणे दाबून गाडी कडेला घ्या, चारी दिवे लावा, मुलांना रस्त्यापासून दूर उतरवा. किल्ली पुन्हा पुन्हा फिरवू नका, आणि कुणी भला माणूस "धक्का मारून बघू" म्हणाला तरी नको म्हणा. तुटलेल्या पट्ट्यावर इंजिन फिरवलं की उरल्यासुरल्या झडपाही वाकतात.